चिखलाची वाट सोडूं नये

आपल्या भाषेनें चिखलाला फारसें चांगलें स्थान दिलेलें नाहीं. कोणाची निंदा करणें म्हणजे त्याच्यावर चिखल उडविणें. अडचणींत सांपडणें म्हणजे चिखलांत रुतणें. आणि चिखलांत दगड टाकला तर शिंतोडे आपल्याच अंगावर येतात, हें तर आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. चिखलाचें नांव गौरवानें निघतें तें एकाच ठिकाणीं, आणि तेथेंही स्तुति असते ती कमळाची. अशा स्थितींत, पावसाळ्यांत डोंगरांत फिरावयास जाणाऱ्या मुलामुलींना ‘चिखल दिसला कीं त्यांतूनच चाला’ असा उपदेश कोणी केला, तर तो पालकांस विक्षिप्त वाटण्याचा संभव आहे. तरीही प्रस्तुत लेखांत मला तोच उपदेश करावयाचा आहे. माझें म्हणणें थोडक्यांत असें: डोंगरवाटेवर चिखल लागला असतां वाटेच्या मध्यांतूनच चालावें, बूट वांचविण्यासाठीं बाजूच्या गवतावरून किंवा शेताच्या बांधावरून जाऊं नये. गोष्ट दिसावयास क्षुल्लक आहे; पण तिच्यांत वाटेचें आयुष्य, डोंगरावरची माती आणि कोणा तरी कुटुंबाचें वर्षभराचें अन्न गुंतलेलें आहे.

हें मी विशेषेंकरून मुळशी तालुका डोळ्यांपुढें ठेवून लिहीत आहें. पुण्याच्या पश्चिमेस सह्याद्रीच्या माथ्यावर हा तालुका पसरलेला आहे. समुद्रावरून येणारे ढग येथील कड्यांना अडतात आणि तेथेंच रिते होतात. पुणें शहरांत सबंध वर्षांत साधारण ७०० ते ७५० मिलिमीटर पाऊस पडतो. ताम्हिणी घाटांत २५ जुलै २०२४ रोजीं सकाळीं संपलेल्या चोवीस तासांत ५५६ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. म्हणजे शहराच्या सुमारें तीनचतुर्थांश वर्षाचा पाऊस येथें एका दिवसरात्रींत कोसळला. असा पाऊस जेथें पडतो तेथें चिखल हा अपवाद नसून ज्येष्ठापासून भाद्रपदापर्यंतचा नित्याचा रहिवासी आहे.

याच डोंगरांतून अंधारबनाची प्रसिद्ध वाट जाते. ताम्हिणीजवळच्या पिंपरी गांवाहून ती निघते, कुंडलिका नदीच्या खोल दरीच्या कांठाकांठानें दाट अरण्यांत शिरते, हिरडी या लहानशा वस्तीवरून पुढें जाते आणि शेवटीं खालीं रायगड जिल्ह्यांतील भिऱ्यास उतरते. अंतर सुमारें १३ किलोमीटर. हिवाळ्यांत सशक्त मुलें तें पांच-सहा तासांत सहज काटतात. आषाढ-श्रावणांत तीच वाट सबंध दिवस खाते. पहांटेपासून लागलेली झड थांबत नाहीं. धुकें असें दाटतें कीं पुढचा मनुष्य दहा पावलांवर दिसेनासा होतो. तांबड्या मातीचा लगदा बुटांच्या खांचांत भरून बूट जड होतात, आणि चढणीवर एक पाऊल पुढें टाकावें तों अर्धें मागें घसरतें. उतारावर गुडघे आणि काठी यांची परीक्षा. जंगलांत शिरल्यावर भर दुपारीं सायंकाळ झाल्यासारखी वाटते. अंधारबन हें नांव उगीच पडलेलें नाहीं. दुपारची पोळीभाजी उभ्या उभ्या, कोणा तरी सोबत्याच्या छत्रीखालीं खावी लागते, आणि तींत पावसाचें पाणी न मागतां मिळतें.

मोजे भिजलेले, खांदे भिजलेले, आणि निम्मी वाट अजून बाकी, अशा वेळीं मनुष्याचा विवेक कोठपर्यंत टिकतो हें पाहण्यासारखें असतें. कारण नेमक्या याच वेळीं समोर वीस-पंचवीस पावलें लांबीचा चिखल येतो आणि मनांत येतें कीं, डाव्या हाताला गवत चांगलें घट्ट दिसतें आहे, तेवढ्यावरून जावें. एकट्याच्या जाण्यानें काय बिघडणार?

एकट्याच्या जाण्यानें खरोखरच फारसें बिघडत नाहीं. पण पावसाळ्यांतील रविवारीं अशा वाटांवर शेंकडों लोक येतात, आणि त्यांतील बहुतेकांच्या मनांत त्याच ठिकाणीं तोच विचार येतो. आषाढांतील अशाच एका दिवशीं आम्ही कांहीं मंडळी या वाटेनें गेलों असतां मीं चिखलाची एक जागा हातांनीं मोजून पाहिली. रानांत अन्यत्र जी वाट जेमतेम दोन हात रुंद होती, ती तेथें आठ-नऊ हात पसरली होती. एकीच्या शेजारीं एक अशा चार वाटा झाल्या होत्या, आणि चारही सारख्याच चिखलाच्या! पहिल्या वाटसरूनें मूळ चिखल टाळला, त्याच्या मागून आलेल्यांनीं दुसरा चिखल केला. तो टाळण्यासाठीं तिसरा झाला, आणि तिसरा टाळण्यासाठीं चौथा. चिखल टाळणारा मनुष्य चिखल कमी करीत नाहीं. तो त्याची पेरणी करीत जातो.

असें कां होतें, हें विज्ञानाच्या दृष्टीनें समजून घेण्यासारखें आहे. मातीच्या कणांमध्यें सूक्ष्म पोकळ्या असतात. त्यांत हवा खेळते, पाणी मुरतें, मुळें वाढतात. पावसानें या पोकळ्या पाण्यानें भरल्या असतां वरून पाय पडला, कीं कण एकमेकांत सरकून बसतात आणि पोकळ्या मिटतात. मग पाणी खालीं मुरूं शकत नाहीं. तें वर सांचतें. मुळशीच्या शेतकऱ्यास हें शास्त्र पुस्तकावांचून ठाऊक आहे. लावणीपूर्वीं तो खाचरांत पाणी अडवून, बैलांच्या किंवा यंत्राच्या साहाय्यानें माती तुडवून तिचा लगदा करतो. यालाच चिखलणी म्हणतात. पाणी झिरपून जाऊं नये, भाताचीं रोपें पाण्यांत उभीं राहावींत, हा तिचा हेतु. जी चिखलणी शेतकरी आपल्या खाचरांत हेतुपूर्वक करतो, तीच आपण डोंगराच्या अंगावर अजाणतां करीत सुटतों.

वाटेच्या मध्यभागीं मात्र हें नुकसान पूर्वींच होऊन गेलेलें असतें. वर्षानुवर्षें पाय पडून तेथील जमीन दगडासारखी घट्ट झालेली असते, आणि वरचा चार बोटें किंवा फार तर वीतभर लगदा ओलांडला कीं पायाला तळ लागतो. तेथें आणखी एक पाऊल पडल्यानें नवें कांहीं मोडत नाहीं. उलट बाजूची माती भुसभुशीत असते. तिला गवताच्या आणि कारवीच्या मुळांनीं धरून ठेवलेलें असतें. कारवी सात वर्षांनीं एकदां फुलते, हें आपणांस ठाऊक आहे. परंतु मधल्या वर्षांत ती उतारावरची माती संभाळीत उभी असते, इकडे आपलें लक्ष जात नाहीं. तीं मुळें तुडविलीं गेलीं म्हणजे पुढच्या मोठ्या सरीला अडविणारें कोणी राहत नाहीं. रुंद झालेली वाट ओहोळ बनते, ओहोळाची घळ होते, आणि दहा-पंधरा वर्षांनीं तेथें ना वाट उरते ना रान.

बांधाची गोष्ट याहून गंभीर आहे. गांवाजवळ वाट खाचरांच्या कडेनें जाते. बांध तो केवढा, हात-दीड हात रुंद, आणि पावसानें भिजून मऊ झालेला. त्याच्यावरून त्याचा धनी जातो तेव्हां तो एकटा आणि जपून जातो. चाळीस जोड बूट एकामागून एक गेले म्हणजे त्याची कड ढासळते. मग तेथून खाचरांतील पाणी वाट काढतें आणि जातांना नुकतीच लावलेलीं रोपें व खत घालून कसदार केलेली माती बरोबर घेऊन जातें. तो लोंढा न सोसून कधीं कधीं खालचा बांधही फुटतो. आम्हांला वाटेंत एक वृद्ध शेतकरी भेटले. डोक्यावरून प्लॅस्टिकची खोळ पांघरून ते असाच फुटलेला बांध फावड्यानें सांधीत होते. आमच्यांतील एक मुलगा सहानुभूतीनें म्हणाला, “बाबा, पाऊस एवढा पडतोय, खाचर पुन्हां भरेलच कीं.” त्यांनीं वर न पाहतांच उत्तर दिलें, “पानी देव देतोय, लेकरा. माती कोन देनार?”

मुळशीच्या संबंधांत या प्रश्नाला फार मोठा इतिहास आहे. मुळा नदीच्या खोऱ्यांत विजेसाठीं टाटा कंपनीचें धरण होऊं लागलें, तेव्हां १६ एप्रिल १९२१ रोजीं, रामनवमीच्या दिवशीं, येथील मावळ्यांनीं आपल्या जमिनींसाठीं सत्याग्रह आरंभिला. पांडुरंग महादेव बापट यांस महाराष्ट्र ‘सेनापति’ म्हणून ओळखूं लागला तो याच लढ्यापासून. लढा १९२४ पर्यंत चालला. परंतु धरण झालें, आणि खोऱ्याच्या तळची उत्तम भातजमीन पाण्याखालीं गेली. पूर्वेकडे वाहत जाऊन कृष्णेला मिळावयाचें तें पाणी पश्चिमेकडे वळवून कड्याखालीं भिरा येथील वीजगृहांत सोडलें जाऊं लागलें. अंधारबनाची वाट जेथें उतरते तें हेंच भिरा. तेव्हां या वाटेनें चालणाऱ्या विद्यार्थ्यानें ध्यानांत ठेवावें कीं, ज्या तालुक्यानें मातीसाठीं सत्याग्रह केला आणि तरीही ती गमावली, त्या तालुक्यांत उरलेल्या खाचराच्या बांधावर आपण पाय ठेवीत आहों. ज्या आंबेमोहराचा सुवास पुण्याच्या स्वयंपाकघरांत दरवळतो, त्याचेंही या मातीशीं नातें आहे.

ही अडचण केवळ आपलीच आहे असें मात्र नाहीं. ज्या वर्षीं मुळशींत सत्याग्रह सुरू झाला, त्याच १९२१ सालीं अमेरिकेंत बेंटन मॅकाय या वनशास्त्रज्ञानें ॲपलाचियन पर्वताच्या माथ्यावरून एक सलग पायवाट काढण्याची कल्पना मांडली. १९३७ सालीं ती वाट पूर्ण झाली. तिची लांबी सुमारें ३,५०० किलोमीटर असून एका दमांत चालणाऱ्यास पांच-सहा महिने लागतात. वाटेची निगा मुख्यतः स्वयंसेवक मंडळें राखतात. ही वाट व्हर्मांट नांवाच्या राज्यांतून जाते, तेथें वसंतांत बर्फ वितळून डोंगर चिखलानें भरतात. त्या काळाला तेथील लोक ‘चिखलाचा ऋतु’ असेंच म्हणतात. १९१० सालीं स्थापन झालेला तेथील ग्रीन माउंटन क्लब या ऋतूंत पदयात्रींस विनंति करतो कीं, उंचावरील वाटा मे महिन्याच्या अखेरपर्यंत टाळाव्यात. चिखल लागला तर त्यांतूनच जावें. आणि बाजूच्या वनस्पती तुडविल्यावांचून पुढें जातां येत नसेल, तर परत फिरावें. श्रीमंत देशांतील, उत्तम बूट घालणारे लोक हा नियम पाळतात, हें आपल्याकडील बूट जपणाऱ्यांनीं लक्षांत घ्यावें.

आपणांसही हा धडा परक्यांकडूनच घ्यावा लागेल असें नाहीं. तैलबैल्याच्या पठारावर कोकणांतून वाघजाई आणि सवाष्णी या दोन जुन्या घाटवाटा चढून येतात. वाघजाई घाटाच्या पायथ्याच्या बाजूस ठाणाळ्याचीं बौद्ध लेणीं आहेत. त्यावरून या मार्गाचें प्राचीनत्व ध्यानांत येईल. ओझें घेऊन चढणारा मनुष्य रुळलेली वाट सोडीत नाहीं, कारण सोडल्यास त्यालाच श्रम पडतात. आळंदीहून पंढरपुरास निघालेली दिंडी आषाढाच्या पावसांत भिजते, पण ओळ मोडीत नाहीं. आजही मुळशीच्या वाड्यावस्त्यांवरील माणसें चिखल आला कीं चप्पल हातांत घेतात आणि सरळ मधून निघून जातात. चिखल टाळण्याची कला ही शहरांतून नवीन आलेली आहे.

आतां आक्षेपांचा विचार करूं. पालक विचारतील, चिखलांत मूल घसरून पडलें तर? पडेल, कदाचित् दोनदां पडेल. परंतु वाटेच्या मध्यांत पडलेलें मूल मऊ जागीं पडतें आणि हंसत उठतें. बाजूच्या गवताखालीं मात्र खड्डा आहे, सुटा दगड आहे कीं दरीची कड आहे, हें दिसत नाहीं. कुंडलिकेच्या दरीकांठीं गवतावरून फेरा घेणें हें चिखलांत बसकण मारण्यापेक्षां कितीतरी धोक्याचें आहे.

दुसरा आक्षेप असा कीं, मुलांनीं पावसाळ्यांत डोंगरांत जावेंच कशाला? या प्रश्नामागची काळजी खोटी नाहीं. ३० जून २०२४ रोजीं लोणावळ्याजवळ भुशी धरणामागील धबधब्याच्या लोंढ्यांत एकाच कुटुंबांतील पांच जण प्राणांस मुकले. त्यानंतर जिल्हा प्रशासनानें मुळशीसह अनेक तालुक्यांतील पावसाळी स्थळांवर निर्बंध घातले. असे निर्बंध असतील तेव्हां ते पाळलेच पाहिजेत. त्यांत वादाला जागा नाहीं. परंतु येथें चिखल आणि पाणी यांतील भेद मुलांस शिकविणें अगत्याचें आहे. चिखल कपडे मळवितो. वाहतें पाणी मनुष्य नेतें. डोंगरांतील ओढा तासाभरांत चढतो आणि पुष्कळदां तासा-दोन तासांत उतरतो. म्हणून गुडघ्याच्या वर वेगाचें पाणी दिसलें कीं थांबावें, वाट पाहावी, नाहीं तर परत फिरावें. जो चिखलांत पाय घालावयास कचरतो आणि धबधब्याखालीं उभें राहावयास धांवतो, त्याच्या भीतीची आणि धैर्याची अशी दोन्ही स्थानें चुकलेलीं असतात. आपलीं मुलें याच्या उलट वागावयास शिकलीं, तर पावसाळ्यांतील डोंगर त्यांचा उत्तम शिक्षक होईल.

तिसरा आक्षेप अधिक विचार करण्याजोगा आहे. कोणी म्हणतील, शेंकडों माणसें मधूनच चाललीं तरी वाट खराब होणारच. मग या नियमाचा उपयोग काय? हें म्हणणें अंशतः खरें आहे. मधून चालल्यानें वाट सुधारत नाहीं. तिचें नुकसान तिच्यापुरतें राहतें, एवढेंच. म्हणूनच या नियमास आणखी दोन गोष्टींची जोड हवी. पहिली, संख्येची मर्यादा. शाळेनें सहल नेतांना एका वेळीं पंधरा-वीस मुलांहून अधिक मुलें एका वाटेवर नेऊं नयेत. सर्वांनीं एकामागून एक चालावें, सावकाश चालणाऱ्यास पुढें ठेवावें, आणि अनुभवी मनुष्यानें शेवटीं राहावें. ताम्हिणीचा परिसर २०१३ सालीं अभयारण्य म्हणून घोषित झाला आहे. तेथें तर ही मर्यादा अधिकच शोभते. दुसरी गोष्ट श्रमाची. पावसाळ्यांत ज्या वाटेचा उपभोग घेतला, तिच्यासाठीं हिवाळ्यांत एक दिवस द्यावा. गांवकऱ्यांच्या आणि वनखात्याच्या संमतीनें खचल्या जागीं दगड बसवावेत आणि वाटेवरून धांवणारें पाणी बाजूस काढण्यासाठीं आडवे चर खणावेत. एखादा ढासळलेला बांध त्याच्या धन्याच्या देखरेखीखालीं सांधावा. इतिहास-भूगोलाच्या चार धड्यांत जें समजत नाहीं, तें फावड्याच्या चार तासांत समजतें.

शेवटीं पालकांशीं दोन शब्द. मूल चिखल कां टाळतें, याचा मीं पुष्कळ विचार केला आहे. त्याला स्वतःला चिखलाचा मुळींच तिटकारा नसतो. तीन वर्षांचें पोर अंगणांतील डबकें कधीं वळसा घालून ओलांडतें काय? तें डबक्याच्या मधोमधच उडी मारतें. पुढें केव्हां तरी त्याला कोरे पांढरे बूट मिळतात, त्यांची किंमत ऐकविली जाते, आणि ते मळवून आल्यास घरीं बोलणीं बसतात. तेंच मूल पंधराव्या वर्षीं डोंगरांत गेलें म्हणजे चिखल पाहतांच त्याला आईचा चेहरा आठवतो, आणि तें निमूटपणें बांधावर चढतें. वाट रुंदावण्यास आरंभ पिंपरीस होत नाहीं. तो आपल्या घराच्या उंबऱ्यावर होतो.

म्हणून सहलीच्या दिवशीं मुलास जुने, पण खोल खांचांचे बूट द्या, मोज्यांचा एक कोरडा जोड द्या, आणि मळून आल्यास कोणी रागावणार नाहीं असें अभय द्या. सायंकाळीं मूल गुडघ्यापर्यंत चिखलानें माखून दारांत उभें राहिलें, तर तें वाट न सोडतां चालून आलें आहे असें समजून त्याच्या पायांवर ऊन पाणी घाला. मात्र आषाढांतील मुळशीहून परत येतांना त्याचे बूट स्वच्छ दिसले, तर त्याला जवळ घेऊन शांतपणें एक प्रश्न अवश्य विचारा: “बाळ, आज पाय ठेवलेस तरी कोठें?”